नाममुद्रा : क्यू भाषेतल्या एका प्रकाराविषयी

हिंगोलीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतल्या हळदीच्या आवाराला संत नामदेव मार्केट यार्ड म्हणतात. नामदेवांची नरसी इथून जवळच, कयाधूच्या काठी. त्या आवारातल्या आवकेचा एक सरावाचा तक्ता करताना मी क्यू ही भाषा शिकत होतो, आणि अडलो तो बेरजेवर किंवा सरासरीवर नाही, नावावर. ‘वसमत’ हा शब्द भाषेला द्यायचा कसा? अवतरणचिन्हांत की पुढे एक बॅकटिक लावून? पहिल्या रीतीने दिला तर ती अक्षरांची ओळ होते, दुसऱ्या रीतीने ‘सिंबल’. शिकवणारी पुस्तकं हा फरक दोन परिच्छेदांत उरकतात. मला त्याला दोन महिने लागले, आणि तो नीट कळला तो संगणकाच्या पुस्तकातून नव्हे, नामदेव गाथेच्या वादातून.

आधी भाषेची ओळख. कॅनडात जन्मलेले गणिती केनेथ आयव्हर्सन यांनी 1962 साली एक पुस्तक काढलं आणि त्यातल्या लेखनपद्धतीतून एपीएल ही भाषा निघाली. तिचा गाभा असा की एक आकडा आणि आकड्यांची रांग यांना वेगळं वागवायचं नाही. शंभर भावांना एका खुणेत दुप्पट करायचं. ‘पहिल्यापासून शेवटपर्यंत जा, एकेक उचल’ असलं काही सांगायचं नाही. पुढे आर्थर व्हिटनी यांनी ‘के’ ही त्याच घराण्यातली भाषा केली आणि 2003 च्या सुमारास तिच्यावर ‘क्यू’ आली. शेअर बाजारातले व्यवहार साठवायला आणि चाळायला ती जगभर वापरतात. आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांची ‘जे’ ही याच वंशातली. तिच्यातही सिंबल आहेत.

या घराण्याची ताकद तीच त्याची अडचण. इथली प्रत्येक क्रिया रांगेत शिरते, घटकापर्यंत उतरते आणि घटकाघटकावर काम करते. आकड्यांच्या बाबतीत हे वरदान आहे. पण शब्दसुद्धा शेवटी अक्षरांची रांगच. म्हणून ‘वसमत’ आणि ‘बसमत’ या दोन ओळी समान आहेत का असं विचारलं, तर उत्तर हो किंवा नाही येत नाही. बारा उत्तरं येतात. बारा का? क्यूच्या लेखी एक अक्षर म्हणजे एक बाइट, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘व’ आणि ‘ब’ यांचे पहिले दोन बाइट सारखे, तिसरा वेगळा. तेव्हा उत्तर येतं : एक, एक, शून्य, आणि मग सलग नऊ वेळा एक. ‘वसमत’ची ‘हिंगोली’शी तुलना करायला गेलात तर भाषा चक्क लांबीची चूक दाखवून थांबते, कारण ‘हिंगोली’चे बाइट एकवीस. ‘कळमनुरी’चेही एकवीस, म्हणून ती तुलना मात्र बिनतक्रार होते. मी ती हातानेही ताडून पाहिली. एकवीसपैकी पंधरा जागी हिंगोली आणि कळमनुरी सारखी निघाली! दोन्ही तालुक्यांच्या लोकांना हे सांगून पाहावं.

(संपूर्ण ओळ जशीच्या तशी जुळते का, हे विचारणारी वेगळी खूण क्यूमध्ये आहे. पण ती सबंध स्तंभावर एकदम टाकली की ती सबंध स्तंभच जुळवते. एकेका नावावर ती न्यायची तर आणखी एक चिन्ह जोडावं लागतं, आणि नवशिक्याचा अर्धा दिवस तिथे जातो.)

सिंबल इथे येतो. बॅकटिक लावला की नाव फुटत नाही. ते कितीही लांब असो, भाषेच्या दृष्टीने तो एक घटक, आकड्यासारखाच. दोन सिंबल समान आहेत का याला एकच उत्तर. आतली यंत्रणा अशी : ते नाव पहिल्यांदा आलं की स्मृतीतल्या एका सामाईक यादीत एकदाच लिहून ठेवतात, आणि पुढे जिथे जिथे ते येईल तिथे फक्त त्या नोंदीकडे बोट दाखवतात. हजार ओळींत ‘वसमत’ आलं तरी अक्षरं एकदाच, बोटं हजार. दोन बोटं एकाच जागी जातात का एवढं पाहिलं की समानता ठरली. ही कल्पना क्यूची नाही. मॅकार्थींच्या लिस्पमध्ये ती 1960 च्या आसपासपासून आहे. पण लिस्पमध्ये ती सोय होती, रांगांच्या भाषेत ती गरज आहे. जिथे सगळंच फुटतं तिथे काहीतरी न फुटणारं लागतं.

माझी पहिली तक्रार शिकवण्याच्या रीतीबद्दल आहे. जेफ्री बोरर यांचं ‘क्यू फॉर मॉर्टल्स’ हे या भाषेचं रूढ पाठ्यपुस्तक. ते प्रामाणिक आहे आणि सिंबल अविभाज्य असतो हे सांगायला विसरत नाही. पण समजावताना ते डेटाबेसमधल्या व्हारचारचा आधार घेतं, म्हणजे ‘कमीजास्त लांबीचा मजकूर ठेवायची जागा’. झालं. शिकणाऱ्याच्या मनात सिंबल म्हणजे मजकुराची वेगवान आवृत्ती अशी गाठ बसते. मग तो विचार करतो, वेगवान आहे तर सगळंच त्यात का घालू नये? मीही तेच केलं. गावाचं नाव सिंबल, वाण सिंबल, आणि मग काटापट्टीचा क्रमांकही सिंबल. गावं मोजकी, वाणही मोजकी; सेलम हा शब्द किती वेळा आला तरी यादीत एकच नोंद. पण काटापट्टीचा क्रमांक दर ओळीला नवा. सामाईक यादी फुगत गेली. तक्ता पुसला, तरी ती यादी तशीच राहिली. एकदा नोंदलेला सिंबल ती प्रक्रिया बंद होईपर्यंत यादीतून जात नाही. रिकामी स्मृती परत करायची आज्ञा दिली तरी नाही. भाषेला आपल्या स्मृतीचा हिशेब विचारला की त्यात सिंबल किती आणि त्यांनी जागा किती व्यापली हे दोन आकडे वेगळे येतात. ते फक्त वाढतात.

म्हणून प्रश्न वेगाचा नाही, कशाला एकसंध मानायचं याचा आहे. मराठीत या प्रकाराला काय म्हणावं यावर मी बरेच दिवस घालवले, आणि ते वाया गेले असं वाटत नाही. ‘चिन्ह’ म्हटलं तर ते अधिक-उण्याकडे जातं. ‘प्रतीक’ म्हटलं की नवकवितेवरच्या चर्चासत्रात जाऊन बसल्यासारखं होतं, आणि अर्थही उलटा होतो; प्रतीक स्वतःपलीकडचं पुष्कळ सुचवतं, क्यूचा सिंबल काहीच सुचवत नाही. ‘संज्ञा’ जवळचा आहे. पण सर्वांत नेमका शब्द वारकरी परंपरेत आधीपासून आहे : मुद्रा. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं ती नाममुद्रा. मुद्रा म्हणजे शिक्का. शिक्का अक्षर अक्षर वाचायचा नसतो. तो उमटतो तो सगळा एकदम, आणि दोन कागदांवर तोच शिक्का असला की दोन्ही कागद एकाच हातचे मानले जातात.

मानले जातात, आणि पंचाईत तिथेच आहे.

‘नामा म्हणे’ हा मराठीतला बहुधा सर्वांत जास्त वादग्रस्त शिक्का असावा. परंपरेनुसार नामदेव 1270 ते 1350. पण याच नावाने लिहिणारे पुढेही झाले. त्यांतला ठळक विष्णुदास नामा, सोळाव्या शतकातला, महाभारत ओवीबद्ध करणारा. त्याचीही मुद्रा नामाच. कीर्तनकारांनी आपापल्या बाडांत अभंग उतरवले ते गाण्यासाठी. कर्ता कोण याची छाननी त्यांना करायची नव्हती. शिक्का जुळला की अभंग त्या नावाखाली गेला. छापील गाथा निघाल्या तेव्हा हे सगळे एका ढिगात होते. 1970 साली शासनाने काढलेल्या नामदेव गाथेनंतरही कोणता अभंग कोणत्या नाम्याचा हा प्रश्न संपलेला नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना तर नामदेवांच्या नावावरची मराठी ज्ञानेश्वरीच्या मानाने इतकी अलीकडची वाटली, की त्यांनी नामदेवांनाच ज्ञानेश्वरांच्या बरंच पुढे ढकललं. एका सिंबलच्या मागे दोन माणसं आहेत अशी शंका घेण्याऐवजी त्या सिंबलची तारीख बदलली, असं मी माझ्या भाषेत म्हणेन. भांडारकरांबद्दल आदर ठेवूनच.

ख्रिश्चन ली नोव्हेट्झकी या अमेरिकन अभ्यासकाने 2008 च्या आपल्या पुस्तकात या गुंत्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं आहे. त्याच्या मांडणीचा रोख साधारण असा, की ‘नामदेव’ हे कर्तृत्व एका माणसाचं नसून कीर्तनाच्या परंपरेतून घडलेलं सामाईक कर्तृत्व आहे. खरा कोण आणि तोतया कोण ही चौकशी त्यामुळे दुय्यम ठरते. मला हे वाचताना क्यूची ती सामाईक यादीच डोळ्यांसमोर आली. अक्षरं एकदाच लिहिलेली, बोटं अनेकांची. मात्र त्याचं हे औदार्य मला पूर्ण पटत नाही. वाचक म्हणून मला हे हवं असतं की चौदाव्या शतकातला शिंपी काय म्हणाला आणि सोळाव्यातला कवी काय म्हणाला हे वेगळं कळावं. जनाबाईची मुद्रा पाहा, ती स्वतःला नामयाची दासी म्हणवते. तिच्या मुद्रेतच दुसऱ्याची मुद्रा गुंतलेली. आतला ‘नामया’ सैल झाला तर जनीचा काळही सैल होतो. उलट शिखांच्या ग्रंथात नामदेवांची 61 पदं आहेत, आणि तो संग्रह 1604 साली एका संपादकाच्या हाताखाली बांधला गेला. तिथला ढीग निदान तेव्हापासून वाढलेला नाही.

गावाचंही तेच. नरसी बामणी हे नामदेवांचं मूळ गाव हे सगळे सांगतात, पण नरसी कोणती? भांडारकर ती कऱ्हाडजवळची मानतात. आज हिंगोली जिल्ह्यातल्या गावाला नरसी नामदेव असं नावच मिळालं आहे. आमच्या भागात याबद्दल शंका काढलेली चालत नाही, आणि मीही इथे काढणार नाही. मुद्दा इतकाच, की सिंबल एकच आणि त्याच्याकडे पाहणारे दोन नकाशे.

आता उलट बाजू. वरच्या परिच्छेदात ‘कऱ्हाड’ लिहिलं त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतो : त्याचं स्वतःचं एक चिन्ह वापरून, किंवा ‘र’ला खाली नुक्ता जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. क्यूला त्याचं काही नाही. ते दोन वेगळे बाइटक्रम, म्हणून दोन वेगळे सिंबल. ‘औंढा’मधला ‘औ’ कुणी एका चिन्हात टंकला आणि कुणी ‘अ’ला मात्रा लावून, की औंढे दोन झाले. माझ्या तक्त्यात गावागणिक बेरीज मागितली तेव्हा औंढा दोनदा आलं, एकाखाली एक, अगदी जुळ्यांसारखं. कितीही डोळे ताणले तरी फरक दिसेना. त्यांना अक्षरांच्या ओळीत बदललं तेव्हा कुठे उलगडा झाला, कारण देवनागरी ओळी क्यू नुसत्या आकड्यांच्या तिरक्या रेघांत दाखवतं आणि त्या रांगा वेगवेगळ्या लांबीच्या होत्या. एरवी मला ते दर्शन कुरूप वाटतं. त्या दिवशी त्याचे आभार मानले. सिंबल आत पाहू देत नाही. चूक आत असेल तर त्याला फोडावाच लागतो.

म्हणजे नाम्याच्या बाबतीत शिक्का एक आणि माणसं दोन, औंढ्याच्या बाबतीत गाव एक आणि शिक्के दोन. वसमत, बसमत, वसमतनगर हा तर सरळ लेखनभेद. तो निदान डोळ्याला दिसतो.

मग हा प्रकार शेअर बाजारात इतका निर्धोक कसा चालतो? इंग्रजीत कंपनीच्या बाजारातल्या लघुनावालाही सिंबल म्हणतात आणि क्यूच्या पुस्तकांतले नमुन्याचे तक्ते बहुतेक त्याच नावांचे असतात. तिथे एका नावाच्या दोन कंपन्या नसतात. पण ते भाषेचं श्रेय नाही, शेअर बाजाराचं आहे. नाव देणारी एक अधिकारी संस्था तिथे आधीच बसलेली असते; ती दुसऱ्याला तेच नाव देत नाही. क्यूचा सिंबल त्या संस्थेच्या भरवशावर उभा आहे आणि पुस्तकं हे कुठे बोलत नाहीत. हळदीतही एक असं नाव आता झालं आहे : ‘वसमत हळद’ या नावाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव कुणी वापरावं हे आता कायद्याने ठरलेलं. पण तो पिवळा माल घेऊन बिटाला येणाऱ्या माणसाच्या नावाला असं संरक्षण कुठलं? आमच्या गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, बापाचंही नाव तेच असलेले दोन शेतकरी आहेत. त्यांचं पहिलं नाव नामदेव हे सांगायला नको. या जिल्ह्यात ते पैशाला पासरी. गावात एकाला वरल्या आळीचा म्हणतात आणि दुसऱ्याला मळ्यातला, कुणाचा कधी गोंधळ होत नाही. माझ्या तक्त्यात मात्र नावागणिक बेरीज केली आणि दोघांची हळद एकाच्या नावावर गेली. तो सरावाचा तक्ता होता म्हणून हसलो. पट्टीचे पैसे त्यावर निघणार असते तर वरल्या आळीच्याने दारात येऊन विचारलं असतं.

आयव्हर्सन यांना 1979 साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तेव्हाचं त्यांचं व्याख्यान लेखनपद्धती हे विचाराचं साधन कसं असतं यावर आहे, आणि चांगल्या लेखनपद्धतीच्या लक्षणांत त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या : तपशील खाली दाबता आला पाहिजे, आणि साधनं थोडकी असली पाहिजेत. सिंबल पहिल्या कसोटीला उत्तम उतरतो. दुसऱ्या कसोटीवर त्याला मी नापास करतो, निदान क्यूमध्ये. एकेरी अक्षर हा एक प्रकार, अक्षरांची ओळ ही रांग, सिंबल हा तिसरा. एका अक्षराची ओळ हवी असेल तर तिला मुद्दाम रांगेत कोंबावं लागतं. शिवाय त्या एका बॅकटिकवर किती कामं! स्तंभाचं नाव सिंबल. फाइलचा पत्ताही सिंबल, फक्त पुढे विसर्ग लावलेला. आणि क्रियेला तक्ता दिला तर ती बदललेली प्रत परत देते; त्याच तक्त्याचं नाव बॅकटिक लावून दिलं तर मूळ तक्ताच बदलते. नाम आणि रूप यांचा हा संबंध पाहून नामस्मरणाच्या महात्म्यावर घसरायचा मोह होतो. तो आवरतो. पण हे मान्य करतो की या विचित्र सवलतीतूनच मला कळलं की सिंबल हा मजकूर कधी नव्हताच. तो पहिल्यापासून नाव होता.

डिस्कवर उतरताना हे आणखी उघडं होतं. तक्त्यात नावांच्या जागी नुसते क्रमांक लिहिले जातात आणि खऱ्या नावांची एक यादी शेजारी वेगळ्या फाइलीत राहते, सगळ्या तक्त्यांना मिळून एकच. ती यादी बिघडली की आकडे शाबूत आणि अर्थ गेला. गाव नकाशा हरवल्यावर नुसता गट नंबर हातात उरावा तसं. क्यूवर काम करणारे त्या एका फाइलीला जपतात ते उगीच नाही. तरीही एवढा भार एकाच यादीवर टाकणं ही मला या रचनेतली सर्वांत मोठी जोखीम वाटते.

शेतकऱ्यांचा तक्ता मी दुरुस्त केला. नाव सिंबलच ठेवलं, शेजारी माणसाला एक साधा क्रमांक दिला आणि बेरीज क्रमांकावर नेली. मग तोच प्रयोग गाथेवर करावा म्हणून थोड्या अभंगांची सूची केली. एका स्तंभात मुद्रा, दुसऱ्यात कवी. मुद्रेच्या स्तंभात सगळीकडे `नामा. कवीच्या स्तंभात जिथे अभ्यासकांचं एकमत दिसलं तिथेच नाव घातलं, बाकी ठिकाणी रिकामा सिंबल, म्हणजे पुढे काहीही नसलेला नुसता बॅकटिक. मग कवीगणिक अभंग मोजायला सांगितले. क्यूमध्ये एक रिकामा सिंबल दुसऱ्या रिकाम्या सिंबलशी समान असतो. तेव्हा ज्यांचा कर्ता ठाऊक नाही ते सगळे अभंग एका गटात जमले, आणि तो गट पडद्यावर सर्वांत वर, सर्वांत मोठा, एकाच कवीचा म्हणून आला.